बाळंतिणीची आई

पौष, मंगळवार, बाळाची पाचवी. खोलीत हजर: बाळंतीण वैशाली, म्हणजे माझी धाकटी जाऊ, तिचा मुलगा, सासूबाई, मी. उंबऱ्याबाहेर, शाहपूरहून आलेली वैशालीची आई, सिंधूताई.

ओव्याच्या धुरीतून आमच्या इतवारा पेठेतलं हिवाळी ऊन मऊ होऊन खोलीत उतरत होतं, आणि त्या उन्हाच्या कडेला सिंधूताई संथ पाण्यासारख्या उभ्या होत्या.

वैशालीला सातवा महिना असताना तिचे वडील गेले. सिंधूताईंच्या दुःखाची सावली गर्भावर पडू नये म्हणून आमच्या घरानं मायलेकींची भेटच टाळली. केलं काळजीपोटी, पण आईवाचून वैशाली आतल्या आत सुकत गेली. बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं: गरोदरपणी बाईच्या मनावरचा ताण तिच्या पोटातल्या सूक्ष्म जीवांनाही लागतो, तेच जीव बाळाच्या पोटात वस्तीला जातात, आणि मेंदूच्या घडणीत त्यांचाही हात असतो, पण घडण अजून चालूच आहे, बाळाला छातीशी धरा, अंगावर पाजा, शांत झोपा. वैशालीनं पहिलं अर्धंच ऐकलं. ती बाळाला घ्यायलाही भिऊ लागली, दूध आटू लागलं. मग मी शाहपूरला गाडी पाठवली.

"विहीणबाई, आत या. पाहुण्यासारख्या काय उभ्या?" सासूबाई म्हणाल्या.

"आज सटवाईची पूजा. माझ्यासारखीनं..."

"सटवाईचं मी बघते. तुम्ही लेक सांभाळा."

सिंधूताई आत आल्या. केळीच्या बुडाशी उगवलेल्या पिलाला माती लावावी, तशा हलक्या हातांनी त्यांनी बाळाला लेकीच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून आपली शाल पांघरली.

"आई, मी लय रडली गं. याच्या डोक्यावर असर झाला असंल तर?"

"तू पोटात होती तवा तुझी आजी गेली. मी पण लय रडली. तू काय येडी निघाली का?" मग शालीची कड नीट करत, "निघाली, जराशी."

वैशाली हसली. किती दिवसांनी! त्या हसण्यानं हललेल्या छातीवर बाळाचं तोंड चाचपडलं, लागलं, आणि खोलीत फक्त घुटक्यांचा आवाज उरला.

ही दुपार त्या बाळाला कधीच आठवणार नाही. आठवणीच्याही आधीच्या कुठल्याशा थरात ती मुरून जाईल.

पूजा झाली, डिंकाचे लाडू वळून झाले, पाहुणे जेवले. एक काम राहिलं. नवरा गेल्यापासून सिंधूताई लेकीसाठी डोळे कोरडे ठेवून आहेत; त्यांना रडू देत जवळ बसायला अजून कुणालाच सवड झालेली नाही.