पाठीवरचं पिल्लू

"अस्वल नाही रे राजा, हा कोआला," बालवर्गाच्या बाई म्हणाल्या. त्यांना भिंतीवरच्या चित्राकडे धड वळताही येत नव्हतं, कारण छकुली त्यांच्या पाठीला घोरपडीसारखी चिकटली होती.

आठवडाभर हेच. आईची पाठ फिरली की छकुलीचा भोंगा सुरू व्हायचा, तो बाईंनी पाठीवर घेतल्यावरच थांबायचा. आईला नुकतंच कापडाच्या दुकानात काम लागलं होतं. आज सकाळी ती दारातच म्हणाली होती, "आजही नाही रमली, तर सोडते मी काम. तुमची पाठ किती दिवस मोडायची, बाई?"

"तर हा कोआला खातो काय?" बाईंनी वर्गाला विचारलं.

"चॉकलेट," पहिल्या रांगेतला बोबड्या म्हणाला.

"निलगिरीचा पाला. पाणीसुद्धा क्वचित पितो. आणि पोट भरलं की झाडावरच झोपतो, जवळजवळ दिवसभर."

"माझे बाबा पण. फक्त झाडावर नाही," मागून एक पोर म्हणालं.

दारात डबे लावणाऱ्या मावशी पदर तोंडाला लावून हसल्या.

"आणि पिल्लू?" पाठीवरून आवाज आला. आठवड्यातला पहिलाच शब्द.

बाईंनी मान वळवली नाही. धीटपणा नजरेनेही उडून जातो. "पिल्लू आधी आईच्या पोटावरच्या पिशवीत असतं. मग पाठीवर बसतं. आई झाडावर चढते आणि हे आपलं घट्ट धरून."

"मग?"

बाई अडखळल्या. पण लेकरांशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. "मग मोठं होतं. आपलं आपण झाड शोधतं."

आता भोंगा वाजणार म्हणून मावशींनी कानांवर हात नेले. पाठीवर मात्र सामसूम.

जेवायच्या सुट्टीत सगळा वर्ग कोआला झाला. भाजीला 'पाला' म्हटल्याशिवाय कुणी घास घेईना.

"उद्या वाघ शिकवू नका हं, बाई," मावशी म्हणाल्या. "मलाच खातील."

अंगणात आल्यावर बाईंच्या खांद्यावर चिमुकली थाप पडली. "खाली."

छकुली उतरली, कोपऱ्यातल्या बुटक्या झाडाच्या बेचक्यात चढून बसली आणि तिने फांदीला मिठी मारली. "हे माझं."

शाळा सुटताना आई धापा टाकत आली. पाठ रिकामी पाहून दचकली. "बाई, छकुली कुठाय?"

"हळू बोला. कोआला झोपलाय."

आईने वर पाहिलं. मग डोळे टिपत म्हणाली, "उद्या कामावर जाऊ ना मी?"

बाईंनी हसून मान डोलावली. त्यांचे हात मात्र अजून पाठीमागेच होते, एकात एक गुंफलेले, कुणाला तरी पेलून धरल्यासारखे.