प्रयागचं माप

मुलांनो, जरा वेळ डोळे मिटा आणि मी सांगतो ते समोर आणा. एप्रिल संपत आला आहे आणि तुम्ही नागपुरात आहात. सकाळचे नऊच वाजलेत, पण महाल भागातल्या गल्लीत अनवाणी पाय टाकवत नाही. कुत्री नालीच्या ओलाव्यात जाऊन पडली आहेत. अशा उन्हात एका घराच्या पायरीवर पंधरा वर्षांची मुलगी स्वेटर घालून बसली आहे. उन्हाकडे पाठ करून ती चक्क ऊब घेते आहे. दिसली? आता तिच्या शेजारी दहा वर्षांची एक मुलगी बसवा. हिच्या कपाळावरून घाम ओघळतो आहे आणि ही मोठीची बोटं धरून बघते आहे. बोटं माठातल्या पाण्यासारखी गार.

लहानी शामला, मोठी प्रेमिला. साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी.

"ताई, तुले थंडी काहून वाजते वं?"

"वाजते तर वाजते. तू सकाळी पोळ्या किती खाल्ल्या? दोनच ना? आईनं तीन ठेवल्या होत्या."

हे शामलाला कळतच नसे. ताई स्वतः दिवसभरात अर्धी भाकरीही धड खात नव्हती, पण घरात कोणी किती खाल्लं, डब्यात किती उरलं, उद्या कशाची भाजी, हे सगळं तिला तोंडपाठ असे. स्वयंपाक तीच करी. आग्रह करकरून वाढी. ज्याला भूकच नाही, तो दिवसभर जेवणाचाच विचार कसा करतो?

त्यांचे बाबा, रुपराव, शिंपी होते. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे दोन शिलाई मशीन, खुंटीला टांगलेले ब्लाउज आणि भिंतीला टेकून बसलेले आजोबा. आजोबांना सगळे बापूजी म्हणत. नजर गेल्यामुळे त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नसे, तो शामला ओवून द्यायची. मग ते बोटांच्या अंदाजाने काजं करत बसायचे. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक हार घातलेला फोटो होता. तो प्रयागचा, म्हणजे बापूजींच्या मुलीचा, शामलाच्या आत्याचा. शामलाच्या जन्माच्या खूप आधी, एकोणिसाव्या वर्षी ती गेली. घरात तिचं नाव हात जोडून घेत. तिने देवासाठी अन्न सोडलं होतं, असं सांगत.

अक्षय तृतीयेला त्या घरात वारलेल्या माणसांच्या नावाने पानं मांडत. आजीच्या पानावर पन्हं, चिंचवणी, कुरडया, वडे, सगळं. प्रयागचं पान मात्र रिकामं. शेजारी एक पेला पाणी आणि त्यात तुळशीचं पान. "तिनं खाल्लं नाही, तिले वाढू नका," असा बापूजींचा हुकूमच होता. दोघी बहिणी दर वर्षी ते रिकामं पान बघत मोठ्या झाल्या.

मागच्या श्रावणात दोघींनी सोळा सोमवार धरले. पहिल्याच सोमवारी दुपारी चार वाजता शामलाच्या पोटात असा खड्डा पडला की ती कोठीच्या दाराआड जाऊन मूठभर शेंगदाणे खाऊन आली. ओठाला लागलेलं साल आईने पाहिलं.

"हिचं पोट म्हणजे गव्हाची कोठी!" आई, म्हणजे इंदूबाई, हसून म्हणाली. "प्रेमिलेकडे बघ, सकाळपासून पाणी तेवढं प्यायली."

शामलाने ताईला विचारलं, "तुले भूक नाही लागत?"

"लागत होती. मग गेली," प्रेमिला म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "आता मस्त हलकं वाटून राहिलं. डोक्यातली कटकटच थांबली."

शामलाला उपाशीपोटी काही हलकंबिलकं वाटलं नव्हतं. तिला फक्त रडू येत होतं.

सोळा सोमवार झाले, उद्यापनही झालं. शामला सुटली. प्रेमिला सुटली नाही. सोमवारात गुरुवार आले, मग शनिवार, मग एकादशी, मग नुसतंच "आज नको." शेजारच्या जिजाबाई तर एक दिवस तिच्या पायाच पडायला निघाल्या. बापूजी फोटोकडे तोंड करून म्हणाले, "प्रयाग परत आली घरात." आईचा ऊर भरून आला. बाबांनी प्रेमिलाचा ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतला. पुढच्या महिन्यात पुन्हा घेतला. मापाच्या वहीत जुना आकडा खोडून नवा लिहिला, आणि पुन्हा खोडला.

शामलाला वाटे, मी शेंगदाणे खाल्ले म्हणून तर ताई माझ्या वाटचा उपास करत नसेल? हे विचारायचं तरी कोणाला?

अक्षय तृतीयेला दोन दिवस असताना प्रेमिला नळावर बादली भरता भरता खाली कोसळली.

बाबांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शामला मागून बसली ती उतरलीच नाही. तिथल्या डॉक्टर काळमेघबाई बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी प्रेमिलाची नाडी बराच वेळ धरून ठेवली. बोटं दाबून पाहिली. मग तिची बाही वर सारली. हातावर बारीक, मऊ, पिसासारखी लव आली होती. शामलाने ती कधी पाहिलीच नव्हती. स्वेटर होता ना!

"किती दिवसांपासून जेवत नाही?"

"उपास असतात तिचे," बाबा म्हणाले. "धार्मिक आहे जरा. अशक्तपणा आला. सलाईन लावून द्या, बाई, परवा आमच्या घरी अक्षय तीज आहे, पानं हीच मांडते. परवा सकाळी घेऊन जातो."

"पाळी?"

बाबांनी मान खाली घातली. "तिच्या आईले विचारतो."

"बरं, घरात आधी कोणाला असं झालं होतं? तुमच्या बहिणीला, आईला, आत्याला?"

"नाही जी," बाबा म्हणाले. "कोणालेच नाही."

शामलाने चमकून वर पाहिलं. बाबा खोटं बोलणारे नव्हते. पॅन्टची उंची पाव इंच चुकली तरी स्वतःहून सांगून परत शिवून देणारे. मग? की त्यांना खरंच तसं वाटत होतं? आत्या आजारी नव्हती, ती तर देवीसारखी होती. देवीला कोणी आजारात धरतं का?

बाबा औषध आणायला गेले तेव्हा शामलाने डॉक्टरबाईंना व्हरांड्यात गाठलं.

"बाई, आम्ही दोघींनी एकाच दिवशी उपास धरला होता. माझा सुटला, तिचा काहून नाही सुटला?"

डॉक्टरबाई बाकावर बसल्या. शामलालाही त्यांनी शेजारी बसवून घेतलं. "तुझे बाबा काय करतात?"

"शिंपी आहेत."

"मग सांग बरं, कोरं कापड कापायच्या आधी ते काय करतात?"

"पाण्यात बुडवून वाळवतात. नाहीतर मागून आटते."

"सगळंच आटतं?"

"नाही. काही आटते, काही नाही आटत. नुसतं बघून नाही कळत. पाण्यात टाकल्यावर कळते."

"तसंच काहीसं आहे बघ. उपास हे पाणी. तू बुडून वर आलीस, जशीच्या तशी. तिचं अंग मात्र आटायला लागलं. तुला उपाशीपोटी रडूच आलं असेल ना? काही थोड्या माणसांना उलट बरं वाटतं. शरीर अन्न जाळतं कसं, भूक लागल्याचं डोक्याला कळवतं कसं, यातच त्यांचं काही वेगळं असावं. आणि एकदा अंग आटलं की ते आणखीच बिघडतं. नाडी मंदावते, थंडी वाजते, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. मग तिला नुसतं 'खा' म्हणून भागत नाही."

"म्हणजे ती नाटक नाही करत?"

"नाही. आणि हे व्रतही नाही."

"मग चूक कोणाची? कापडाची का पाण्याची?"

"चूक कोणाचीच नाही. दोन्ही मिळून होतं, असं वाटतं. बाहेरदेशी लोक यावर अभ्यास करत आहेत. अशा मुलींच्या घरात कधीकधी आधीही कोणी तसं सापडतं. आईकडून किंवा बापाकडून जसं नाक येतं, तसं हेही थोडं येत असावं. पण मलाही अजून नक्की माहीत नाही, बाळ. म्हणूनच मी विचारलं. घरात कोणी नसेल तर मला आधी क्षय, जंत, दुसरे सतरा आजार शोधत बसावं लागेल. आणि तुझे बाबा तर परवा न्यायचं म्हणतात. तिचं हृदय थकलंय. आत्ता घरी नेली तर…"

पुढचं शामलाला न सांगता कळलं.

घरी येताना तिच्या डोक्यात सगळं गरगरत होतं. नाक! सगळे म्हणत, शामलाचं नाक हुबेहूब प्रयागचं.

बापूजी काज करत बसले होते. तिने सुईत दोरा ओवून दिला आणि विचारलं, "बापूजी, प्रयागआत्याले थंडी वाजत होती का?"

सुई थांबली. "कोणी सांगितलं तुले?"

"उन्हात बसत होती का?"

"बसे," बापूजी म्हणाले. "भर वैशाखात गोधडी घेऊन बसे. पण तिले रोग नव्हता, पोरी. तिनं सोडलं होतं अन्न. आपल्या मर्जीनं." मग आवाज एकदम चढवून, "पुन्हा तिले रोग म्हणशील तर या घरात जेवू नको!"

असं बोलून गेले आणि स्वतःच गोंधळल्यासारखे सुई चाचपत राहिले.

बापूजींच्या जुन्या वह्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान निजलं तेव्हा शामला स्टुलावर स्टूल ठेवून वर चढली. धुळीने तिला शिंका येत होत्या आणि त्या ती नाक दाबून गिळत होती. पाचव्या वहीत ते पान सापडलं. वर बापूजींच्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'प्रयाग'. खाली छाती, कंबर, बाही. एक ओळ, मग तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, प्रत्येकीपुढे तारीख. शिंप्याच्या मुलीला माप वाचायला कोणी शिकवावं लागत नाही. प्रत्येक ओळीतला प्रत्येक आकडा वरच्यापेक्षा लहान होता. पानाच्या तळाशी शेवटच्या ओळीत फक्त नाव होतं. पुढे ना तारीख, ना माप.

तिने बाबांची चालू वही खुंटीवरून काढली आणि 'प्रेमिला' उघडलं. दोन्ही पानं शेजारी ठेवली. तिला वाटलं, आपण एकच पान दोनदा वाचतो आहोत.

"काय आहे वं ते?"

बापूजी जागे होते. शामलाने वही पटकन मिटली. पण त्यांनी हात पुढे केला. डोळ्यांनी दिसत नसलं तरी कागदाच्या कडेवरून आणि शिवणीवरून त्यांनी ती वही ओळखली.

"माझी आहे," ते म्हणाले. "कोणतं पान?"

"प्रयागआत्याचं," शामला पुटपुटली.

त्यांनी वही मांडीवर घेतली. मग म्हणाले, "दर वेळी मी आत घेत गेलो. म्हटलं, पोरीच्या अंगाले नीट बसलं पाहिजे. कापड कमी करत गेलो, पण…" त्यांनी फोटोकडे तोंड वळवलं. "ते व्रत होतं ना, शामले?"

व्रत म्हणावं तर ताई मरेल. रोग म्हणावं तर बापूजींनी तीस वर्षं ज्या फोटोला हार घातला, त्या फोटोत कोण उरतं? आणि दोन्ही थोडं थोडं खरं असलं तर?

"मले नाही माहीत," ती म्हणाली. "डॉक्टरबाईलेही पुरतं नाही माहीत."

बापूजींनी वही परत दिली. डॉक्टरबाईंकडे 'ने' असं म्हणाले नाहीत, 'नेऊ नको' असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया होती. आईने पहाटेच चिंच भिजत घातली होती. बाबा रिक्षा घेऊन निघाले. शामला न विचारताच चढून बसली, छातीशी पिशवी धरून. वाटभर बाबा सांगत होते, आज प्रेमिला घरी आली की सगळं ठीक होईल. शामला मान हलवत होती.

डॉक्टरबाई टेबलापाशी प्रेमिलाला घरी सोडायचा कागद लिहीत होत्या. "पुन्हा सांगते, मी तिला घरी नेऊ नका म्हणते आहे. पण तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर सहीच करत असाल तर…"

"सणाचा दिवस आहे, बाई," बाबा म्हणाले आणि पेन उचललं. "घरचं वातावरण मिळालं की खाईल. आमच्यात असं काही नाही."

शामलाने पिशवीतून दोन्ही वह्या काढल्या. एक जुनी, एक चालू. दोन्ही उघडून तिने त्या नेमक्या कागदावर ठेवल्या, सहीच्या जागेवर.

"शामले! काय करून राहिली?"

ती बाबांकडे बघू शकत नव्हती. तिने जुन्या पानावरच्या नावाखाली बोट ठेवलं. "ही माझी आत्या. आमच्या घरी होती," ती म्हणाली. "बाबा खोटं नाही बोलले. त्यायले ती आजारी होती हे माहीत नाही."

डॉक्टरबाईंनी चष्मा पुढे ओढला. एक पान वाचलं, मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. रुपरावही वाकून बघत होते. दुसऱ्या पानावरचे आकडे त्यांनी स्वतः लिहिले होते, स्वतःच खोडले होते. पण दोन्ही पानं एकत्र त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि गळ्यातली मापाची टेप हाताने घट्ट धरली.

शामला टेबलाला वळसा घालून डॉक्टरबाईंच्या बाजूला गेली. फ्रॉकची बाही तिने कोपराच्या वर सारली आणि आपला हात, तळवा वर करून, त्यांच्यापुढे ठेवला.

"माझं नाक आत्याचंच आहे. आता माझाही बघा," ती म्हणाली.