चिमाबाईची पायरी

मित्रांनो, सांगोल्याच्या माळावर अंगाला मेंढरांचा वास घेऊन उभी असते ना, ती जुनी पांढरी पिकअप म्हणजे मी. पांढरी आपली कागदावर. मुरमाच्या धुळीने माझा रंग केव्हाच चहासारखा झाला आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला नव्या टायरांचा भारी तोरा होता. माळावरच्या दगडांनी तो लवकरच उतरवला. मला चालवतो बिरुदेव, पण खरी मालकीण त्याची आई चिमाबाई. उन्हाळ्यात कळप लांब चरायला निघाला की पाण्याची टाकी आणि चालू न शकणारी कोकरं मी वाहते. चिमाबाई पुढे बसते, मांडीवर सगळ्यांत अशक्त कोकरू. खिडकीतून तिने "हुर्रर्र, चलाऽ" अशी साद घातली की सगळा कळप माझ्यामागे निघतो. दुसऱ्या कुणाच्या हाकेला मेंढरं मानसुद्धा वर करत नाहीत.

वाटेत उन्हाळ्यात कोरडा पडणारा एक खडकाळ ओढा आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे माझं पोट आपटलं, चेंबर फुटला आणि सगळं तेल सांडलं. पाणी माझ्या पाठीवर, आणि तहानलेला कळप मला वळसा घालून पलीकडे गेलेला. चिमाबाईने घागरी वाहून मेंढरं पाजली.

"आये, हिला इकून टाकू," बिरुदेव वैतागून म्हणाला.

"तू तापानं फणफणला हुतास, तवा म्या तुला इकला का?"

विषय संपला. यंदा कळप हलवायच्या आधी मला उंच करून घ्यायला आम्ही सोलापूरला संगप्पा पाटेवाल्याकडे गेलो.

"वजनानं स्प्रिंगचे पाटे पार सपाट झालेत की हो," संगप्पा खालून म्हणाला. त्याने मला जॅकवर चढवलं, चाकं काढली, गंजलेले बोल्ट ठोकून ठोकून सोडवले. मग उंच कमानीचे नवे पाटे, त्यांच्याखाली ठोकळे, लांब शॉकअप आणि ब्रेकचे लांब पाइप बसवले. पाठीवर वाळूची पोती टाकून मला खड्ड्यांतून फिरवलं आणि बोल्ट पुन्हा आवळले. परतताना रिक्षांची टपं मला वरून दिसत होती. खोटं कशाला सांगू? मी मिरवले.

घरी चिमाबाईने भंडारा उधळला. टाचा उंचावून बॉनेटवर हळदीकुंकू लावलं. मग दार उघडून पाय उचलला. पुरला नाही. लुगडं सावरून पुन्हा उचलला, तरी नाही.

"थांब आये, उचलून बसवतो."

"हात लावू नगंस! मी काय कोकरू हाय व्हय? तुमीच जावा."

आणि ती दगडावर जाऊन बसली. बिरुदेवने घसा बसेस्तोवर हाका मारल्या. कळप जागचा हलेना. एक मेंढा तर चक्क खाली बसून रवंथ करू लागला. इकडचं गवत संपलेलं, ओढ्यापलीकडे चारा, आणि मी नुसतीच उंच.

माझे जुने पाटे बिरुदेवने पाठीवर टाकून आणले होते, कारण आईला लोखंड फेकलेलं चालत नाही. त्यातला एक घेऊन तो मला गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेला. दाराखाली तो पाटा पायरी म्हणून पक्का बसवून आणला.

चिमाबाईने पायरीवर हात आपटून पाहिला. "कुणाचं लोखंड?"

"हिचंच की. जुना पाटा."

पाय ठेवण्याआधी तिने पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. मग आपली आपण चढली. "हुर्रर्र!" आणि कळप निघाला.

मित्रांनो, गाडी हौसेने उंच करा, पाट्यांना ग्रीस द्या, बोल्ट वरचेवर आवळा. पण तिच्यात रोज बसणाऱ्याचा पाय कुठवर पोचतो, तेही बघत चला.

आता ओढ्यातला तो खडक माझ्या पोटाखालून अल्लाद निघून जातो. पण तो जवळ आला की चिमाबाई अजूनही मांडीवरचं कोकरू घट्ट धरते आणि आपले दोन्ही पाय वर उचलते, माझं पोट वाचावं म्हणून.