राक्षस शेवटी काय म्हणाला

मी व्हिडिओ गेमची कॅसेट बोलतेय, ओसाकाच्या मोरितांच्या घरातली. माझ्या पाठीवर जाड पेनानं 'शिगेकी' लिहिलंय. आमच्याकडं पोरं कॅसेटी एकमेकांना देतात आणि परत घेताना भांडतात, म्हणून. कोपऱ्यात बारीक 'चिनात्सु' आहे, ते धाकट्या बहिणीनं नंतर घुसवलं.

माझ्या पोटात लढाईही आहे आणि कहाणीही. शिगेकीला लढाई हवी. खेळातलं कुणी बोलायला लागलं, पडद्यावर अक्षरं उमटली, की तो बटण दाबून त्याचं तोंड बंद करायचा. चिनात्सुला कहाणी हवी, पण ती पहिल्याच पुलावरून नदीत पडायची.

"दादा, पुलावरची म्हातारी काय म्हणाली ते वाचू दे की."

"म्हाताऱ्या काय म्हणणार? जपून जा."

"मी इथंच बसलेय हं," आजी म्हणायची.

फुसाए आजीला बारीक अक्षरं दिसत नसत. हिवाळाभर खाली शेगडी असलेल्या मेजाच्या पांघरुणात पाय घालून ती चिनात्सुकडून ऐकायची. राक्षसानं राजाची मुलगी का पळवली, एवढंच तिला कळायला हवं होतं. नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर ती साप्पोरोला थोरल्या लेकाकडं कायमची जाणार होती.

निघायच्या दिवशी शिगेकीनं राक्षस मारला. आणि सवयीनं अंगठा चालला, टकटक टकटक. राक्षसाचं बोलणं वाचायच्या आत गेलं.

"काय म्हणाला रे?"

"मेला, आजी."

"मेला ते मलाही दिसलं. मुलगी का पळवली?"

शिगेकीनं मला पुन्हा सुरू केलं, राक्षसाच्या दारापासून. एकदा हरला. दुसऱ्यांदाही हरला. तेवढ्यात थोरले काका दारात.

"आई, गाडी चुकेल."

"राक्षस जिवंत आहे अजून. बूट काढ, संत्रं सोल."

तिसऱ्या डावात राक्षस पडला. शिगेकीनं यंत्र खाली ठेवलं आणि दोन्ही हातांवर बसला. चिनात्सु वाचू लागली, "मी तिला पळवलं नाही. ती वाट चुकली होती. मी जेवायला वाढलं."

"बघ," आजी म्हणाली. "आणि तू त्याला दोनदा मारलंस."

"त्यानंही मला दोनदाच मारलं."

आजी हसत हसत उठली. गाडी चुकली ती चुकलीच, पुढच्या गाडीनं गेली.

आता माझ्यातली बॅटरी संपलीय. कुणाचा खेळ जपून ठेवता येत नाही, दरवेळी पहिल्यापासून सुरुवात. बिस्किटांच्या डब्यात असते मी. शिगेकीची लेक कधी बाहेर काढते आणि बापासारखीच बटण दाबत सुटते. तेव्हा तो तिचा अंगठा हळूच उचलतो.

"थांब गं. तो काहीतरी सांगतोय."