तांबडीच्या खुराड्यावर

आमच्या मालकांच्या टीव्हीत येळ्ळूर महाराष्ट्रात हाय. भायेर ते कर्नाटकात का असंना. कानडी बातम्या लागल्या की बोटाला चटका बसल्यागत रिमोट दाबत्यात. आता सांगा, अशा माणसासंगं वादळाची तयारी करायची कशी?

सकाळी मोबाईलवर कानडीत निरोप आला. मी शाळंत कानडी शिकलेली, वाचून सांगितलं, "अवो, चक्रीवादळ उगवतीकडनं यायलंय. सांजच्याला पाऊस नि गार वारं. ताडपत्री काढा, खुराडं झाकूया."

"मराठी बातम्यांत कोल्हापूरला ऊन दाखवलंय," मालक म्हणाले. "कोल्हापूरचं तेच आपलं."

"ढगास्नी तुमचा सीमावाद ठावं हाय व्हय?"

ऐकतील तर आमचे मालक मारुतीराव कसले! उलट ताडपत्री शेजारच्या भरमूला देऊन मोकळे. भरमू कानडी बातम्या बघतो, म्हणून तर भाताची रास झाकायला मागाय आलता. ह्यांनी हसत हसत दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खुराड्यात माझी तांबडी अंड्यांवर बसलेली. गेल्या साली मर आली नि सगळी कोंबडी गेली, ही तेवढी वाचली. लग्नात आईनं बेळगुंदीहून डालग्यातनं एक कोंबडी दिलती, तिच्या वंशातली ही शेवटची. आई गेली, भावांनी घर विकलं. माहेर म्हणून मला आता ही तांबडीच उरलीया. त्यात अंडी फुटायला आलेली, एकाला आतनं चोच लागलेली मी सकाळीच बघितली. अशा वक्ताला कोंबडी हलवली की ती उठून जाती, अंडी गार पडत्यात नि पिल्लं आतल्या आत मरत्यात. म्हणून घरात आणायची बी सोय न्हाय.

दुपार कलली नि आभाळ भरलं. वारं असं सुटलं की बोटं गारठली. मी एकटीच पळतीया! शेणी आत, जळण आत, वाळत घातलेली कापडं आत. खुराड्याचं तोंड नेमकं उगवतीला. पोतं बांधलं, उडालं. पत्र्यावर दगड ठेवला, तरी पत्रा थडथड वाजतोय. आभाळ गुरगुराय लागलं तसा अंड्यांजवळ लोखंडाचा खिळा ठेवला. गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून आई ठेवायची. तांबडीनं हातावर चोच मारली.

"मार बाई, तू बी मार," मी म्हटलं.

मालक सोप्यात उभं राहून म्हणत्यात, "भुरभुर हाय गं. जाईल."

"माळ्यावरचा फ्लेक्स द्या!"

माझे सासरे, आप्पा, सीमालढ्यात हिंडलग्याच्या तुरुंगात गेलते. गावानं त्यांचा सत्कार केला, तवाचा तो फ्लेक्स, दाराएवढा फोटो असलेला. सासरे गेल्यापासनं मालक दर साली तो काढत्यात, पुसत्यात, गुंडाळून ठेवत्यात. मला हात लावू देत न्हाईत.

"त्यो न्हाय," म्हणाले. "आप्पा हाईत त्येच्यावर."

"आणि खुराड्यात माझी आई हाय!"

तोंडातनं निघूनच गेलं. मग रागानं रडूच फुटलं. मालक आत गेले. जावा, बसा तुमच्या टीव्हीपुढं, म्हटलं, आणि मीच खुराड्याच्या तोंडाला पाठ लावून बसले. पावसाचं पाणी पाठीवरनं वघळाय लागलं, दात वाजाय लागले, पण उठले न्हाय.

जरा वेळानं डोक्यावर फडफड झाली. मालक फ्लेक्स घेऊन आलते. पत्र्यावरनं पुढं सोडला, सुतळीनं बांधला. एक कोपरा राहिना, तिथं खिळाच मारायला पायजे हुता. खिळा आप्पांच्या खांद्यावर येत हुता. मालकांचा हातोडा तसाच वर थांबला.

"धर गं नीट," म्हणाले नि ठोकला.

आतलं वारं बंद झालं. तरी माझा राग कुठं जातोय! "ताडपत्री दिली नसती तर ही पाळी आली असती व्हय?"

"चुकलं गं," म्हणाले. सगळ्या संसारात पहिल्यांदा.

तेवढ्यात आतनं चिव् झालं. मग आणिक एक. मालकांनी वाकून कान लावला. पाऊस तर आप्पांच्या तोंडावरच मारत हुता. मालकांनी खांद्यावरच्या टावेलानं त्येंचं तोंड पुसलं. परत भिजलं, परत पुसलं.

"आत जा नि उद्याचं काय म्हणत्यात बघ."

"कुठल्या बातम्यांत?"

"कानडी! आणि कुठल्या!" खेकसले माझ्यावर.