कड्यावरची पट्टी

"पाय टेकला का? तोंडानं सांग."

"टेकला."

"मग उजवा हात सोड. आधी सांगायचं, मग सोडायचं."

कड्याच्या अंगाला चिकटून गेलेली ती पट्टी जेमतेम वीतभर रुंद होती आणि तिच्याखाली काहीच नव्हते. दादा पुढे होता. मी त्याच्या मागून आलो होतो तो भाऊ म्हणून कमी, पहारेकरी म्हणून अधिक. काल वहिनी हलक्या आवाजात म्हणाली होती, "दर रविवारी एकटेच जातात. दोरसुद्धा नेत नाहीत. परत यायचं मनात असतं की नसतं, तेवढं बघून ये."

दादा लिफ्ट मेकॅनिक. त्यांच्या कामाची एक रीत होती. जोडीदार लिफ्टच्या पोकळीत उतरला की वरच्याने फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवायचा, आणि 'बाहेर आलो' असा आवाज आल्याखेरीज तो पुन्हा बसवायचा नाही. बावीस वर्षे दादाने ही रीत पाळली. गेल्या वर्षी एका दुपारी पाळली नाही. "आवाज आल्यासारखं वाटलं, साहेब," असे त्याने चौकशीत सांगितले. खरे काय ते मला एकट्याला ठाऊक होते. त्या क्षणी तो बाहेरच्या खोलीला कोणता रंग द्यावा, याचा विचार करत होता.

जोडीदाराची तिरडी आम्हीच उचलली. ती बाहेरची खोली अजून रंगाविना तशीच आहे.

"खाली काय बघतोस? सासुरवाडी आहे का तुझी तिथं?"

"लग्न कुठं झालंय माझं?"

"मग तर बघूच नको."

मी दगडाकडे पाहू लागलो. तो हात सोडून देण्यासाठी इथे येतो, असे मला वाटले होते. परंतु प्रत्येक खाच तो तीनतीनदा चाचपत होता, आणि माझ्या तोंडून शब्द निघेपर्यंत पुढचे बोटसुद्धा हलवत नव्हता. हळूहळू माझेही भय ओसरले. वहिनी, घर, उद्याची कचेरी, सारे गळून पडले. उरली ती टाचेखालची खडी आणि स्वतःचा श्वास.

पट्टी संपली. पठारावर दादा पालथा पडून राहिला.

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला. "डोक्यात दुसरं काही आलं नाही. त्या दिवशी यातलं एकच मिनिट हवं होतं."

मी विचारले, "वहिनीला काय सांगू?"

"सांग, पडायला जात नाही म्हणून." तो उठून बसला. "पडलो तर सगळं संपेल की. तेवढी सवलत मला नको."

पठारावरून खाली उतरणारी वाट चांगली गाडीभर रुंद होती. मी शीळ घालत चालू लागलो. वळणावर मागे पाहिले, तर दादा वाटेच्या मधोमध उभा होता.

"काय झालं?"

"काही नाही. इथं डोक्यात परत सुरू होतं."

मी मागे गेलो. त्याने माझा हात धरला. त्याचा तळवा सोलवटलेला होता. समोरून एक बाई सायकल ढकलत वर येत होती. तिला वाट देण्यासाठी आम्ही कडेला सरलो. तेव्हाही त्याने हात सोडला नाही.