कमठ्याने हात बदलला

सूरजागडच्या डोंगराखालच्या त्या गावात पारधीला निघताना सगळ्यांच्या पुढे चैतू चालायचा. त्याचा बाण सुटला की मागचे लोक कुऱ्हाडी सरसावून धावायलाच लागत, इतका भरवसा. पण पंचावन्न सालच्या चैत्रात त्याची बायको बुधरी मोहाखाली ओणवी होऊन फुलं वेचत होती आणि मागून अस्वल आलं. तिला कळलंसुद्धा नाही. चैतू मध्ये पडला. अस्वल पळालं, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. नेमकी दोरी ओढायची.

पावसाळा सरेपर्यंत जखम भरली. नांगर धरता येऊ लागला, धान कापता येऊ लागलं. कमठा, म्हणजे त्याचं धनुष्य, मात्र आढ्याला टांगलेलाच राहिला. बांबूचा तो कमठा चैतूच्या बापाने केलेला होता. त्याची दोरीही बांबूच्याच चिवट कामटीची.

एका सकाळी गावातला जाणता म्हातारा पत्रू अंगणात येऊन टेकला. म्हणाला, "चैतू, लच्छूले देऊन टाक बाबा आता कमठा. नुसता टांगून ठेवला तं कीड लागन."

लच्छू म्हणजे चैतूचा धाकटा भाऊ. तो तिथेच दोर वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही. तेवढ्यात बुधरी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तांब्या पत्रूपुढे ठेवून म्हणाली, "काऊन द्याचा, भाऊ? ह्यांचा डावा हात शाबूत हाये ना?"

पत्रू हसला. चैतू हसला नाही. तो उठला, आढ्याचा कमठा त्याने काढला आणि नाल्याकडे चालू लागला. बुधरी मागोमाग गेली.

नाल्याकाठी धान कापून रिकामी झालेली बांधी होती. तिच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, नेम धरून चैतूने कमठा उजव्या पंजात घट्ट आवळला आणि डाव्या हाताने दोरी ओढली. बाण सुटला तो पाण्यातल्या सापासारखा वळवळत उजवीकडच्या झुडपात शिरला. दुसराही तसाच. तिसरा चैतूने सोडलाच नाही, गुडघ्यावर घेऊन मोडला.

"पत्रूभाऊ खरं सांगते. हा हात शिकणार नाई," चैतू म्हणाला.

"हाताले नावं ठेवू नका," बुधरी म्हणाली. "बाणाचं शेपूट खाली लोंबते अन् बाजूलेही झटका खाते. म्या पाह्यलं. पिसं काढून सोडा एक, म्हणजे तुमालेही दिसन."

चैतू तिच्याकडे बघत राहिला. लग्न झाल्यापासून त्याच्या बाणांना पिसं तीच बांधत होती. कोणतं पीस बाणाला कसं सावरतं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. पीस असलं की बाणाची खोड झाकली जाते. पीस काढलं की ती उघडी पडते. त्याने एका बाणाची पिसं उतरवली आणि सोडला. बाण शेपूट पाडून, तिरका होऊन, अर्ध्या वाटेत आडवा पडला.

"दिसलं," चैतू म्हणाला. त्या दिवसापासून त्याने बाण मोडणं बंद केलं.

आधी शेपटाचं लोंबणं. बाणाची खाच दोरीवर खाली बसत होती. चैतूने ती धानाच्या दाण्याएवढी वर घेतली आणि जागा चुकू नये म्हणून तिथे दोरा गुंडाळला. शेपूट वर आलं.

बाजूचा झटका काही जाईना. तेव्हा बुधरीने चुलीतला कोळसा ओला करून कमठ्याच्या मुठीला फासला. बाण सोडून आणला, तर शेपटाशी काळा ओरखडा. म्हणजे बाण निघता निघता मुठीला घासत होता. बाणांच्या दांड्यांचे हे बोरू उजव्या हाताच्या ताकदीला पाहून निवडलेले, जाड आणि ताठ. डाव्या हाताच्या ओढीला ते लवतच नव्हते, आणि न लवता मुठीला वळसा घालणार कसे? दोघांनी नाल्याचा काठ पालथा घातला. बुधरी एकेक बोरू दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून पाही आणि मनासारखा असला तरच चैतूच्या हाती देई. त्या बारीक बोरूंचे बाण बरेच सरळ गेले. तरी काळी रेघ पुसटशी उरलीच.

आता मूठ उरली. आजवर बाण तिच्या डाव्या अंगाने जात असे. ते अंग चैतूच्या बापाने तासून दिलं होतं. उजवं अंग जाडच होतं. तेही तासायला हवं होतं, पण थोडं जास्त निघालं की बांबू तिथेच फाटणार. चैतू सुरी घेऊन बसून राहिला.

"बापाची वस्तू हाये," तो म्हणाला.

"बापानं वापराले देली," बुधरी म्हणाली.

त्याने तासायला घेतलं. सालपट निघायचं ते कांद्याच्या पापुद्र्यासारखं. थोडं तासायचा, कमठा वाकवायचा, कान लावून ऐकायचा. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली, मुठीला पुन्हा ओला कोळसा फासला आणि बारीक बोरूचा एक बिनपिसांचा बाण लावला.

या वेळी काही वळवळलं नाही. बाण ताणलेल्या दोऱ्यासारखा गेला आणि धुऱ्याच्या मातीत सरळ रुतला. बुधरी धावत गेली, तो उपटून तिने बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं नाही. तिथूनच ती ओरडली, "साफ हाये! एकदम साफ!"

माघात आजूबाजूच्या गावांची नेमबाजी भरली. पळसाला वाळका भोपळा टांगलेला. ज्याचा बाण भोपळ्याच्या पोटात बसेल, त्याने यंदाच्या पारधीत पुढे चालायचं. चैतू डाव्या हाताने दोरी धरून उभा राहिला तेव्हा पलीकडच्या गावची माणसं कुजबुजली. त्यांच्या सुकलूचा बाण भोपळ्याची कड खरवडून गेला होता आणि त्याच्यापेक्षा जवळ कोणी गेलं नव्हतं.

बुधरी बायकांच्या घोळक्यात होती. तिने भोपळ्याकडे पाहिलंच नाही. ती फक्त बाणाचं शेपूट बघत होती. ते हललं नाही, आणि पुढचं तिला न बघताच समजलं. भोपळा फुटल्याचा आवाज झाला, ढोल वाजू लागले, लच्छू नाचतच मैदानात शिरला.

पत्रू काठी टेकत आला. कमठा हातात घेऊन त्याने मूठ चाचपली. "कोणापासी शिकला रे हे?"

"हात माहा होता, भाऊ," चैतू सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला. "डोळा हिचा."

गावात अशी गोष्ट चारचौघांत कोणी बायकोबद्दल बोलत नसे. बायकांनी बुधरीला कोपरं मारली. ती लाजली नाही. मैदान ओलांडून गेली, पत्रूच्या हातून कमठा घेतला, खांद्यावर टाकला आणि ढोलाच्या पुढे पुढे चालत गावाच्या वाटेला लागली.